आकृती पाहा

हळदीच्या वखारीतून सुटते तेव्हा सहा वाजलेले असतात.
सांगलीहून मिरज, मग गरम पाण्याच्या गुळण्या,
खिडकी लावायची, पंखा बंद,
आणि मोबाइल तांब्याला टेकवून :
"इयत्ता दहावी. भूगोल. पाठ चौथा. पान एकोणतीस."

मुदस्सरच्या घरी चार पिढ्या सतारी करतात.
डोळे नाहीत तर कान तयार असतील,
बसवा की त्याला तारा लावायला, म्हणतात लोक.
त्याला तारा नकोत.
त्याला नकाशे पाहिजेत.

पुस्तक जुन्या बाजारातलं.
आधीच्या मालकानं निम्म्या ओळी पिवळ्या केल्यात
आणि एका शास्त्रज्ञ बाईंना मिशा काढल्यात.
मी मिशाही वाचते.
"इथं पेनानं मिशा आहेत," म्हणते,
आणि पाठ पुढं.

अडतं एकाच जागी.
"आकृती ४.२ पाहा."
पाहा, म्हणतं पुस्तक, सहज,
एसटीत कुणी म्हणावं तसं, जरा सरकून बसा.
पहिला महिनाभर मी ती ओळ गाळत होते.
मग तो म्हणाला, ताई,
दर पाठात तुम्ही मध्येच श्वास घेता
आणि काहीतरी गिळता. काय असतं तिथं?

तेव्हापासून सुतळी.
पुठ्ठ्याला डिंक, डिंकावर पोत्याची सुतळी,
समोच्च रेषा एकीत एक,
सह्याद्री बोटाच्या पेराएवढा.
हृदयाचे चार कप्पे केले, झडपांना बेदाणे चिकटवले,
सकाळी डाव्या कर्णिकेला मुंग्या.

पर्जन्यछायेच्या प्रदेशाला त्यानं मला थांबवलं.
छाया म्हणजे गार ना?
मग जतला माझी फुफी राहते,
तिच्या अंगणात पाय भाजतात ते कसे?
पुस्तकात कारण होतं. मी वाचलं.
तो "हं" म्हणाला,
आणि मला कळलं, की हे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

आता एकशे चौदा फायली झाल्यात त्याच्याकडे.
कर्मणी प्रयोगावर शेजारचा कुकर,
अपवर्तनावरून कोल्हापूरची गाडी गेलेली,
लोकशाहीसमोरील आव्हानांच्या वेळी
खाली नळावर भांडण लागलं होतं.
पुसून परत वाचते म्हटलं, तर नको म्हणाला.
आणि आम्लं-आम्लारीत मला हळदीचा ठसका,
सलग नऊ सेकंद.
सहामाहीत लेखनिक पोरीनं विचारलं, एवढं कसं आठवतं रे?
म्हणाला, खोकला आठवला.

मी नववीत शाळा सोडली.
बीजगणितामुळं, असं सांगते सगळ्यांना.
खरं कारण कुठल्याच पाठात नाही.
पण समीकरणं वाचताना आवाज सपाट होतो माझा,
गाडीत भरलेली पोती मोजावीत तसा.
परवा तो म्हणाला,
"ताई, हे तुम्हाला कळत नाहीये."
नाही, म्हटलं.
मग त्यानं माझ्याच आवाजातलं मला समजावलं :
"क्ष असतोच. तुम्हाला अजून दिसला नाही, एवढंच.
घाई नाही करायची.
त्याच्या भोवतीचं एकेक उचलून पलीकडे ठेवत जायचं."
त्याच्या हातांकडं बघितलं मी,
ते खरंच काहीतरी उचलून ठेवत होते.

आज वखारीत पावतीच्या मागं एक सोडवलं.
क्ष बरोबर उणे तीन.
तोलार बघून म्हणाला, तीन पोती कमी पडली काय?
नाही, म्हटलं, बरोबर आहेत.
उणे तीन हे हातात घेतल्यावर कसं लागत असेल,
ते त्याला विचारायचं राहिलंय.

रात्री पाठ सहावा वाचला.
पान त्रेपन्न पुस्तकात नाही, कुणीतरी फाडलंय.
बावन्नवरून सरळ पंचावन्नवर जाता आलं असतं,
वाक्य जोडून घेतलंही असतं एखाद्यानं.
मी मोबाइल चालू ठेवला
आणि एक मिनिट गप्प बसले.
रिक्षा गेली एक. कुठंतरी रंधा चालू होता.
त्याला कळेल,
इथं एक पान होतं.